विश्लेषण : केस गळतात, पण पुन्हा का उगवतात? खारघरच्या उंदरांनी काय सांगितले?

बुलढाणा जिल्ह्यातील काही गावांत अवघ्या तीन-चार दिवसांत टक्कल पडल्याच्या घटनेनंतर पाणी, शाम्पू, विषाणू आणि रेशनचा गहू अशा सगळ्यांवर संशय घेतला गेला. त्यात गव्हातील सेलेनियमची चर्चा सर्वाधिक झाली. पण केस मुळात वाढतो कोणाच्या सांगण्यावरून आणि थांबतो कोणाच्या सांगण्यावरून, याचे उत्तर मात्र गावात नव्हे, तर जनुकीय बदल केलेल्या उंदरांच्या पिंजऱ्यात सापडते. असे काही उंदीर नवी मुंबईतील खारघरमध्येही आहेत. त्यांनी काय शिकवले आणि त्याचा सामान्य माणसाशी काय संबंध, याचा आढावा.

बुलढाण्यात नेमके काय घडले?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतून विचित्र तक्रारी येऊ लागल्या. आधी डोक्याला खाज सुटायची, मग केस राठ व्हायचे आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी नुसता हात फिरवला तरी पुंजकेच्या पुंजके हातात यायचे. लहान मुले, महिला, वृद्ध असे सगळेच यात होते. जानेवारी २०२५ मध्ये गावांची संख्या वाढली. समाजमाध्यमांवर ‘टक्कल व्हायरस’ हे नाव रूढ झाले. सुरुवातीच्या पाणी तपासणीत नायट्रेट आणि क्षारांचे प्रमाण जास्त आढळले. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची म्हणजेच ‘आयसीएमआर’ची पथके आली आणि नमुने घेऊन गेली.

विंचूदंशावरील संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉक्टर, पद्मश्री हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्रपणे अभ्यास केला. १८ गावांतील २७९ रुग्णांचा उल्लेख असलेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की रेशनवर मिळालेल्या गव्हात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण बेसुमार होते आणि रुग्णांच्या रक्तात, लघवीत, केसांतही ते वाढलेले होते. जस्त मात्र कमी झाले होते. केंद्रीय पथकाच्या तपासणीतही रुग्णांच्या शरीरात सेलेनियम वाढल्याचे सांगण्यात आले. ते गव्हातूनच आले का आणि तो गहू कुठला, यावर मात्र मतभेद झाले. एप्रिलमध्ये त्यातील काही रुग्णांची नखे खराब होऊन गळू लागली. दरम्यान, अनेकांचे केस पुन्हा उगवूही लागले होते.

सिंदखेडराजा तालुक्यातील दुसरबीड या गावांपासून बरेच लांब, जिल्ह्याच्या दक्षिण भागात आहे. पण रेशनचे धान्य, बोअरचे पाणी आणि मोबाइलवर दिसणारे केसवाढीचे उपाय या तीन गोष्टी दोन्हीकडे सारख्याच आहेत. म्हणून ‘आपल्याकडे असे झाले तर काय’ हा प्रश्न दुसरबीडलाही तितकाच लागू आहे.

केस वाढतो कसा आणि गळतो का?

केस ही स्वतः मृत वस्तू आहे. जिवंत असते ते त्याचे मूळ, म्हणजे त्वचेतील केशकूप. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केशकूप असतात. प्रत्येक केशकूप एका चक्रातून जातो. आधी वाढीचा काळ असतो, तो डोक्यावरच्या केसांसाठी दोन ते सहा वर्षांचा. मग काही दिवसांत केशकूप आक्रसतो आणि त्यानंतर सुमारे तीन महिने विश्रांती घेतो. विश्रांतीनंतर जुना केस गळतो आणि नवा उगवतो. निरोगी माणसाचे रोज ५० ते १०० केस गळतात, ते याच चक्रामुळे.

नवा केस उगवण्यासाठी केशकूपाच्या वरच्या भागातील एका फुगीर जागेत मूलपेशींचा साठा असतो. शेतकऱ्याने पुढच्या हंगामासाठी बियाणे राखून ठेवावे तसा हा साठा. त्यामुळे केसगळती दोन प्रकारची असू शकते. पीक गेले पण बियाणे शाबूत आहे, अशी पहिली. यात कारण दूर झाले की केस परत येतात. दुसऱ्या प्रकारात बियाणेच संपते किंवा जागेवरून हलते. तिथे केस परत येणे कठीण. शेगावच्या गावांत अनेकांचे केस परत उगवले, याचा अर्थ तिथे मूलपेशी वाचल्या होत्या. दोन्ही प्रकारांत बाहेरून दिसणारे टक्कल सारखेच असते. फरक आतला आहे, आणि तो समजून घेण्यासाठीच उंदरांचा अभ्यास लागतो.

ग्रोथ फॅक्टर आणि स्रवणारी प्रथिने म्हणजे काय?

मूलपेशीने कधी जागे व्हायचे आणि कधी झोपायचे, हे ती एकटी ठरवत नाही. आजूबाजूच्या पेशी काही प्रथिने तयार करून बाहेर सोडतात. ती शेजारच्या पेशीच्या पृष्ठभागावरील ठरावीक ग्राहकाला चिकटतात आणि आत निरोप पोहोचतो, वाढ, थांब, रूप बदल किंवा मर. पेशीबाहेर सोडल्या जाणाऱ्या या सगळ्यांना स्रवणारी प्रथिने म्हणतात. इन्सुलिन हे त्यातले सर्वांच्या परिचयाचे उदाहरण. त्यांपैकी जी प्रथिने पेशींच्या वाढीचे आणि विभाजनाचे नियंत्रण करतात, ती ग्रोथ फॅक्टर म्हणजेच वाढीचे घटक.

या शाखेचा पायाही उंदरावरच रचला गेला. अमेरिकी शास्त्रज्ञ स्टॅन्ली कोहेन यांनी उंदरांच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिलांना टोचला, तेव्हा पिलांचे डोळे वेळेआधी उघडले आणि दातही लवकर आले. त्या अर्कातून १९६२ मध्ये वेगळे केलेले प्रथिन पुढे एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर म्हणून ओळखले गेले. या कामासाठी कोहेन आणि रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ चे नोबेल मिळाले.

काचेच्या बशीत पेशी वाढवून हे का कळत नाही?

काही प्रमाणात कळते. पण स्रवणाऱ्या प्रथिनांचे कामच मुळी एका पेशीकडून दुसऱ्या पेशीकडे जाण्याचे. केशकूपात त्वचेच्या पेशी, त्याखालच्या पेशींचा गुच्छ, रक्तवाहिन्या, चरबी, प्रतिकारशक्तीच्या पेशी असे सगळे शेजारी असतात. निरोप कोणी पाठवला, कोणाला मिळाला आणि वाटेत कोणी अडवला, हे बशीत दिसत नाही. त्यासाठी अखंड शरीर हवे.

उंदीर सोयीचा ठरतो त्याला आणखी एक कारण आहे. माणसाच्या डोक्यावर प्रत्येक केशकूप आपापल्या वेळापत्रकाने चालतो. उंदराच्या पिलात मात्र पहिली दोन चक्रे पाठीवरच्या सगळ्या केसांत जवळजवळ एकाच वेळी घडतात. पहिली विश्रांती साधारण विसाव्या दिवसाच्या आसपास येते आणि दुसरी सातव्या आठवड्यापासून सुरू होते. त्यामुळे पिलाचे वय मोजले की केशकूप कोणत्या टप्प्यात आहे हे कळते. एखाद्या प्रथिनामुळे चक्र पुढे सरकले किंवा मागे पडले, तर ते लगेच ध्यानात येते.

जनुकीय बदल केलेले उंदीर कसे तयार होतात?

ढोबळमानाने दोन पद्धती आहेत. पहिलीत जादा जनुक घालतात. १९८२ मध्ये रिचर्ड पामिटर आणि राल्फ ब्रिन्स्टर यांच्या चमूने उंदराच्या फलित अंड्यात उंदराहून मोठ्या असलेल्या घुशीच्या जातीतील प्राण्याचे, म्हणजे रॅटचे, वाढीच्या संप्रेरकाचे जनुक सोडले. जन्मलेल्या २१ पिलांपैकी सात पिलांत ते जनुक उतरले आणि त्यातली सहा आपल्या भावंडांपेक्षा बरीच मोठी झाली. एका स्रवणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण वाढवले तर अख्खे शरीर बदलते, हे जगाला डोळ्यांनी दिसले. अशा उंदरांना ट्रान्सजेनिक म्हणतात.

दुसऱ्या पद्धतीत असलेले जनुक बंद पाडतात. यातून नॉकआउट उंदीर तयार होतो. ही पद्धत शोधणाऱ्या मारिओ कापेकी, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना २००७ चे नोबेल मिळाले. तर्क साधा आहे. घरातला एक फ्यूज काढला आणि कोणत्या खोलीतला दिवा गेला हे पाहिले, की तो फ्यूज कशासाठी होता ते कळते.

पण काही प्रथिने इतकी मोलाची असतात, की ती काढली तर पिलू जन्मालाच येत नाही. रक्तवाहिन्या घडवणाऱ्या व्हीईजीएफ या ग्रोथ फॅक्टरच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बंद केली, तरी उंदराचा गर्भ दगावतो, हे १९९६ मध्ये दिसून आले. म्हणून आता जनुक फक्त त्वचेत, फक्त यकृतात किंवा ठरावीक वयातच बंद करण्याची सोय वापरली जाते. त्वचेसाठी ‘के-१४’ या केराटिन प्रथिनाच्या जनुकाचा खटका वापरतात. हा खटका त्वचेच्या तळाच्या थरात चालू असतो. त्याला जोडलेला बदल मुख्यत्वे तिथेच होतो. क्रिस्परमुळे हे काम आणखी सोपे आणि जलद झाले आहे.

एका प्रथिनाने केस खरेच लांब होतात का?

हो, निदान उंदरात तरी. कॅलिफोर्निया विद्यापीठातील गेल मार्टिन यांच्या प्रयोगशाळेने १९९४ मध्ये एफजीएफ-५ या ग्रोथ फॅक्टरचे जनुक बंद पाडले. नावात वाढ असली तरी परिणाम उलटा निघाला. उंदरांचे केस नेहमीपेक्षा सुमारे दीडपट लांब झाले. म्हणजे एफजीएफ-५ चे काम केसाला ‘आता थांब’ असे सांगण्याचे होते. निरोप्या गेला आणि केस वाढतच राहिला. पुढे लांब केसांच्या कुत्र्यांत आणि मांजरांत याच जनुकातील बदल सापडले. २०१४ मध्ये पापण्यांचे केस विलक्षण लांब असलेल्या कुटुंबांतही ते आढळले.

त्याआधी १९९३ मध्ये टीजीएफ-अल्फा हे प्रथिन काढलेल्या उंदरांचे केस आणि मिशा कुरळ्या झाल्या होत्या. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतील कोलोसल बायोसायन्सेस या कंपनीने लोकरी उंदराची छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्यात ज्या सात जनुकांत बदल केले होते, त्यांत एफजीएफ-५ होतेच. शेगावच्या गावांत केस का गेले याची चर्चा सुरू असताना डलासमध्ये लांब केसांचे उंदीर तयार होत होते. दोन्ही घटनांच्या मुळाशी केशकूपाचे चक्रच होते.

खारघरमध्ये कोणते संशोधन झाले?

खारघरमध्ये टाटा मेमोरियल सेंटरचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. तिथे डॉ. संजीव वाघमारे यांचा गट केशकूपातील मूलपेशींवर काम करतो. कर्करोगाच्या संस्थेत केसांचा अभ्यास का, असे वाटू शकते. पण मूलपेशी कधी शांत राहतात आणि कधी बेसुमार वाढतात, हा कर्करोगाचाही प्रश्न आहे. केशकूप ही ते पाहण्याची उत्तम जागा.

या गटाने ‘एसपीएलए-२-टू-ए’ नावाच्या स्रवणाऱ्या प्रथिनाचा अभ्यास केला. हे एक विकर आहे. पेशीबाहेर येऊन ते स्निग्ध पदार्थांचे विघटन करते. ‘के-१४’ च्या खटक्याला या प्रथिनाचे जनुक जोडलेल्या उंदरांच्या त्वचेत ते गरजेपेक्षा जास्त तयार होते. या उंदरांचे केस गळतात आणि त्वचा जाड होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यामागचे कारण पुढे आले. जादा प्रथिनामुळे केशकूपातील मूलपेशींचा साठाच घटत होता. मूलपेशी शांत राहण्याऐवजी त्वचेच्या साध्या पेशींचे रूप घेत होत्या. पेशीच्या आत जेएनके नावाचा संदेशमार्ग अधिक सक्रिय झाल्याने हे होत असल्याचे दिसले.

वर सांगितलेला दुसऱ्या प्रकारचा टकलेपणा तो हाच. पीकही गेले आणि बियाणेही खर्ची पडले. मूलपेशींना सतत कामाला लावणे हे त्यांना मारण्याइतकेच घातक ठरू शकते, हा या अभ्यासाचा सर्वांत महत्त्वाचा धडा. ‘मूलपेशी उत्तेजित करणारे’ असे सांगून काही विकले जाते, तेव्हा तो लक्षात ठेवावा असा आहे.

केस वाढवणारा निरोप कर्करोगालाही मदत करतो का?

याच गटाने दुसऱ्या एका स्रवणाऱ्या प्रथिनावर काम केले. त्याचे नाव एसएफआरपी-१. केस उगवण्यासाठी ‘विंट’ नावाचे प्रथिन-कुटुंब मूलपेशींना जागे करते आणि एसएफआरपी-१ त्याला वाटेत अडवते. थोडक्यात, एक गाडी पुढे नेतो, दुसरा ब्रेक लावतो.

मग ब्रेक काढला तर? २०१८ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी, केस प्रत्यारोपणाच्या वेळी रुग्णांनी दिलेले केशकूप प्रयोगशाळेत जिवंत ठेवून त्यांवर एसएफआरपी-१ रोखणारे रसायन वापरले. ते मूळचे हाडांच्या ठिसूळपणासाठी तयार केलेले होते. त्याने केसांची वाढ वाढली. बातम्यांत ‘टकलावर औषध सापडले’ असे मथळे झळकले.

खारघरच्या उंदरांनी या कथेची दुसरी बाजू दाखवली. एसएफआरपी-१ चे जनुक नसलेल्या उंदरांच्या त्वचेवर कर्करोगजनक रसायने लावली असता गाठी लवकर निर्माण झाल्या, असे २०२० च्या अभ्यासात दिसले. २०२२ च्या अभ्यासात या उंदरांतील केशकूप-मूलपेशींची सुरुवातीची घट बीएमपी या दुसऱ्या स्रवणाऱ्या प्रथिनाच्या संदेशमार्गामुळे भरून निघत असल्याचे आढळले. शरीर एक दार बंद झाले की दुसऱ्या दाराने तोल सांभाळू पाहते, असा त्याचा अर्थ. जन्मभर प्रथिनच नसणे आणि काही काळ त्वचेवर औषध लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे असे प्रत्येक औषध कर्करोगच देईल असे म्हणता येत नाही. पण तपासल्याशिवाय ते सुरक्षित आहे, असेही म्हणता येत नाही.

सेलेनियमचा या साऱ्याशी काय संबंध?

सेलेनियम हे शरीराला अत्यल्प प्रमाणात लागणारे मूलद्रव्य आहे. अमेरिकी मानकांनुसार प्रौढ व्यक्तीला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम पुरते आणि ४०० मायक्रोग्रॅम ही कमाल मर्यादा धरली जाते. बावस्कर यांच्या अहवालात रेशनच्या गव्हाच्या नमुन्यात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम असल्याचे नमूद होते. तो आकडा धरला, तर दिवसाला ३०० ग्रॅम गव्हाच्या पोळ्या खाणाऱ्याच्या पोटात सुमारे ४,३५० मायक्रोग्रॅम म्हणजे कमाल मर्यादेच्या जवळपास अकरा पट सेलेनियम जाईल.

इतक्या सेलेनियमने केस आणि नखे गळतात, हे नवे नाही. चीनच्या हुबेई प्रांतातील एन्शी भागात १९६० च्या दशकात असेच घडले होते. २००८ मध्ये अमेरिकेत एका पूरक आहाराच्या द्रवात चुकून लेबलवरील प्रमाणाच्या २०० पट सेलेनियम मिसळले गेले आणि २०१ जणांना त्रास झाला. त्यातही केसगळती आणि नखांचे विकार होते. केस आणि नखे केराटिनची बनलेली असतात आणि केराटिनला मजबुती देते ते गंधक. सेलेनियमचे रसायनशास्त्र गंधकासारखेच असल्याने ते त्याच्या जागी शिरते आणि धागा कमकुवत होतो, असे एक स्पष्टीकरण दिले जाते.

शरीरात सेलेनियमची ने-आण करण्याचे काम सेलेनोप्रोटीन-पी हे स्रवणारे प्रथिन करते. ते मुख्यतः यकृतात तयार होऊन रक्तात येते. २००३ मध्ये अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठ आणि बर्लिन येथील दोन गटांनी स्वतंत्रपणे हे जनुक नसलेले उंदीर तयार केले. त्यांच्या यकृतात सेलेनियम असूनही मेंदूपर्यंत आणि वृषणांपर्यंत ते पुरेसे पोहोचेना. खाद्यात सेलेनियम कमी असले, की उंदरांचा तोल जाई. ते वाढवले की त्रास कमी होई. २०१० मध्ये त्वचेच्या पेशींतच सेलेनियमयुक्त प्रथिने बनू नयेत असा बदल केलेल्या उंदरांचे केस गळाले, त्वचा नाजूक झाली आणि ते लवकर मेले. म्हणजे सेलेनियम जास्त झाले तरी केस जातात आणि ते वापरता आले नाही तरीही जातात. ‘केसांसाठी चांगले’ म्हणून सेलेनियमच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेण्यातला धोका इथे आहे.

उंदरावरचे निष्कर्ष माणसाला किती लागू पडतात?

जपूनच लावावे लागतात. स्रवणारी प्रथिने शरीरात फिरत असल्याने प्रयोगही कधी कधी चकवतो. टीजीएफ-बीटा-१ या ग्रोथ फॅक्टरचे जनुक नसलेले उंदीर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील अशोक कुलकर्णी यांच्या १९९३ च्या शोधनिबंधात या उंदरांचे वर्णन आहे. पिले जन्मताना ठीक दिसत आणि सुमारे तीन आठवड्यांत अनेक अवयवांना दाह होऊन मरत. गर्भाच्या वाढीत या प्रथिनाचे काही कामच नाही, असा निष्कर्ष कोणीही काढला असता. पण १९९४ मध्ये खरे कारण कळले. आईचे प्रथिन नाळेतून आणि दुधातून पिलांना मिळत होते. जनुक पिलात नव्हते, पण प्रथिन होते.

दुसरे उदाहरण खारघरच्या प्रथिनाचेच. प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या काळ्या उंदरांच्या जातीत ‘एसपीएलए-२-टू-ए’ चे जनुक निसर्गतःच निकामी असते. माणसात ते चालू असते. त्यामुळे प्रयोग कोणत्या जातीच्या उंदरावर झाला, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष माणसाला लावता येत नाही. शिवाय शेगावच्या गावांतील केसगळती या प्रथिनामुळे झाली, असे यांपैकी एकही अभ्यास सांगत नाही. उंदीर यंत्रणा समजावतात. गावातले कारण शोधायला गावातलेच धान्य, पाणी आणि रक्त तपासावे लागते.

अशा प्रयोगांवर देखरेख कोणाची?

प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० आणि त्याखालचे १९९८ चे नियम यांनुसार केंद्राच्या समितीकडे नोंदणी आणि संस्थेतील प्राणी नीतिसमितीची परवानगी आवश्यक असते. जनुकीय बदलांसाठी १९८९ च्या नियमांखालील जैवसुरक्षा समित्या असतात. २०२३ मध्ये केंद्राने औषध चाचण्यांच्या नियमांत बदल करून, प्राण्यांऐवजी मानवी पेशींवर आधारित पर्यायी पद्धतींनाही मान्यता दिली. मँचेस्टरचा मानवी केशकूपांवरचा प्रयोग त्याच दिशेचा. पण पूर्ण शरीरात फिरणाऱ्या प्रथिनांचा अभ्यास अजून उंदरांशिवाय होत नाही.

बाजारातील ‘ग्रोथ फॅक्टर’ उपचारांचे काय?

ग्रोथ फॅक्टर औषध म्हणून वापरात आहेत. मधुमेही रुग्णांच्या पायाच्या न भरणाऱ्या जखमांवर पीडीजीएफ असलेल्या मलमाला अमेरिकेत १९९७ मध्ये मंजुरी मिळाली. व्हीईजीएफला रोखणारी औषधे कर्करोगात दिली जातात. एकाच प्रकारचा निरोप जखमेत हवासा आणि गाठीत नकोसा ठरतो. म्हणूनच मात्रा, जागा आणि काळ ठरवल्याशिवाय त्याला औषध म्हणत नाहीत.

केसांच्या दवाखान्यांत रुग्णाचेच रक्त फिरवून त्यातील प्लेटलेट किंवा त्यांतील ग्रोथ फॅक्टर डोक्यात टोचण्याचा उपचार आता शहरांपुरता राहिलेला नाही. आनुवंशिक टकलेपणात काहींना त्याचा फायदा झाल्याचे अभ्यास आहेत, पण रक्त तयार करण्याच्या पद्धती वेगवेगळ्या असल्याने परिणामही सारखे नाहीत. विषबाधेमुळे गेलेल्या केसांवर तो उपाय नाही. तिथे विष थांबवणे हाच उपचार. बाटलीवर ‘ग्रोथ फॅक्टर’ लिहिलेल्या सीरममधील प्रथिन त्वचेच्या वरच्या थरातून केशकूपापर्यंत कितपत पोहोचेल, हाही प्रश्न आहे. कारण ही प्रथिने आकाराने मोठी असतात.

गावपातळीवर काय करता येईल?

एकाच घरातील किंवा शेजारच्या अनेकांचे केस काही दिवसांत गळू लागले, तर ते आनुवंशिक टकलेपणाचे लक्षण नाही. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवणे, घरातील त्या वेळचा गहू, पीठ आणि पाण्याचा नमुना तारखेसह वेगळा ठेवणे आणि तपासणी होईपर्यंत ते धान्य न खाणे, या तीन गोष्टी कोणालाही करता येतात. धान्य संपले किंवा फेकले गेले, तर पुढे कितीही मोठी प्रयोगशाळा असली तरी तिला तपासायला काही उरत नाही. नखांवर पांढरे पट्टे, श्वासाला लसणासारखा वास, जुलाब, थकवा ही लक्षणे सोबत असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगावीत. सेलेनियमच्या जादा मात्रेत ती दिसतात.

शासनाच्या बाजूने धान्य गोदामात येतानाच जड मूलद्रव्यांची नमुना तपासणी आणि तिचे निकाल तालुकावार जाहीर करणे ही गरज आहे. पंजाबातील होशियारपूर-नवांशहर पट्ट्यात जमिनीतच सेलेनियम जास्त असल्याचे शास्त्रज्ञांना अनेक दशकांपासून ठाऊक आहे. वादग्रस्त गहू तिथलाच होता की नव्हता, हा वाद कागदोपत्री सुटू शकतो. पोत्यावरचा माग ठेवला, तर.

शेगावच्या गावांत अनेकांचे केस परत आले, ही दिलाशाची बाब. केशकूपातील बियाणे शाबूत राहिल्याने ते शक्य झाले. पण त्या काही आठवड्यांत लग्ने अडल्याच्या, मुले शाळेत जायला कचरत असल्याच्या, शेजारच्या गावांनी टाळल्याच्या तक्रारी झाल्या. ‘व्हायरस’ या एका शब्दाने जेवढे नुकसान केले, तेवढे कदाचित सेलेनियमनेही केले नसेल. केस का गळतात याची यंत्रणा ठाऊक असेल, तर पुढच्या वेळी पहिला प्रश्न ‘कोणाचा लागला’ असा नसेल, ‘पोटात काय गेले’ असा असेल. दुसरबीड असो की बोंडगाव, तपासाची सुरुवात या प्रश्नापासून झाली तर निम्मे काम सोपे होते.